नवशाचं व्हय

माझ्या सासूबाईंना जगात दोन माणसांचा राग यायचा. एक, ताकात पाणी जास्त घालणारी सून. आणि दुसरा, समोरच्याचं पुरतं ऐकून न घेता आपलंच खरं करणारा माणूस. पहिला राग माझ्या वाट्याला रोज यायचा आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दुसऱ्या रागापायी मात्र त्या एकदा पदर खोचून थेट कोर्टात उभ्या राहिल्या, आणि मलाही बरोबर घेऊन गेल्या. इतकी वर्षं उलटली तरी तो दिवस आठवला की मला त्या बाईचा अभिमान वाटतो.

त्यांचं नाव कस्तुराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. माझं माहेर लोणावळ्याचं, वडील रेल्वेत सांधेवाले, त्यामुळे चार इयत्ता शिकून मी पवन मावळातल्या या घरात आले आणि "वाचणारी सून" म्हणून गाजले. वाचता येत होतं खरं, पण माणसं वाचायला मी आत्याबाईंकडूनच शिकले. त्यातला पहिला धडा होता नवशा.

नवशा आमच्या गावाच्या वर, डोंगरातल्या ठाकरवाडीत राहायचा. भाताच्या लावणीला, झोडणीला, गोठा शाकारायला तो आमच्याकडे यायचा. काटक, अबोल, हातात जादू असलेला माणूस. नवी नवरी असताना मी त्याला मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, उद्या येऊन लाकडं फोडून देशील का. तो "व्हय" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी वाट बघत बसले, नवशाचा पत्ता नाही. मी चुलीपाशी धुसफुसत होते, तर आत्याबाई पोट धरून हसायला लागल्या. म्हणाल्या, तो तोंडानं व्हय म्हणाला तेव्हाच तुला कळायला हवं होतं की तो येणार नाही. यायचं असतं तर बोललाच नसता, सरळ कुऱ्हाड घेऊन आला असता.

मग त्यांनी मला समजावलं. नवशाच्या वाडीत मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. कुणी काही मागितलं, विचारलं, आणि आपण नाही म्हटलं, तर दारात आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवल्यासारखं होतं. चुलीला ते बाधतं. म्हणून ते "व्हय" म्हणतात, त्याचा मान ठेवतात आणि मग आपल्याला जे करायचं ते करतात. खरा होकार असला की शब्द नसतो, काम असतं. आणि नुसतंच मान राखायचं व्हय असलं की नवशा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरतो. एवढं बघायला शिकलं की त्याच्याइतका सरळ माणूस सापडायचा नाही.

या नियमातून एकच व्यक्ती सुटलेली होती, ती म्हणजे त्याची बायको हिरी. हिरी त्याला काहीही विचारो, नवशाचं उत्तर न्हाई. सरपण आणलं का, न्हाई. मीठ घेतलं का, न्हाई. भूक लागली का, न्हाई. दोघं डोंगर उतरून येताना बांधावरून त्यांचं हे बोलणं ऐकू यायचं आणि आत्याबाई म्हणायच्या, बघ, दिवसभर जगाला व्हय म्हणून साठलेलं सगळं त्या पोरीच्या पदरात पडतंय. हिरीला त्याचं वाईट वाटत नसे. नवरा आपल्याशी मोठ्या माणसाशी वागावं तसं वागत नाही, ही तिच्या लेखी मायेचीच खूण होती.

तर सन छत्तीसच्या उन्हाळ्यात, लोणावळ्याला बंगल्यांच्या बाजूला एका मुंबईच्या शेटजींच्या न्हाणीघरातून तांब्याचा बंब गेला. मोठा, पितळी तोटीचा, दोन माणसांनी उचलायचा बंब. नवशा त्या बंगल्यावर कधीमधी सरपणाच्या मोळ्या टाकायचा. बाजारच्या दिवशी तो करवंदं विकायला बसला होता, तिथून त्याला चौकीवर नेलं. फौजदारांनी विचारलं, बंब तू नेलास? नवशा म्हणाला, व्हय. कुणाला विकलास? व्हय. कुठं विकलास? व्हय. एवढ्यावर कुणालाही शंका यायला हवी होती की कुठं विकलास याला व्हय हे काही उत्तर नव्हे. पण फौजदारांना बंब हवा होता, आणि बंब नाही तर निदान चोर तरी. त्यांनी लिहून घेतलं की आरोपीने गुन्हा कबूल केला आहे, माल घेणाऱ्याचं नाव मात्र तो लपवतो आहे.

हिरी डोंगर उतरून आमच्या दारात आली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. ओसरीच्या कडेला टेकून ती एवढंच म्हणाली की नवशाला धरलंय. बंब गेला तो दिवस कुठला ते कळल्यावर आत्याबाई ताडकन उठल्या. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत नवशा आमच्या गोठ्यावर बसून छप्पर शाकारत होता. आत्याबाईंनी खालून पेंढ्या फेकल्या होत्या आणि मी भाकरी वाढली होती.

सासरे, भिमाजीमामंजी, देवमाणूस, पण कोर्टाचं नाव काढलं की त्यांच्या पोटात कळ यायची. आपण मधे पडलो तर आपल्यालाही गोवतील, असं त्यांचं म्हणणं. बायकांनी तर तिकडे फिरकूच नये. आत्याबाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, गोठ्यावर कोण होतं? ते म्हणाले, नवशा. मग हे साहेबाला कोण सांगणार, गोठा? यावर मामंजींचा गुडघा एकाएकी धरला आणि ते घरी राहिले. गाडी जुंपून मात्र त्यांनीच दिली, वर हिरीच्या पाठीशी ठेवायला गोधडी आणून टाकली.

कामशेतपर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडीने लोणावळा. वाटेत आत्याबाई एकच गोष्ट बोलल्या, आणि ती माझ्या काळजात रुतून बसली.

"मुक्ते, तीन म्हयन्याची सजा देतील आन् सोडतील आसं न्हाई हाये ते. तितं जी चोरी व्हईल ती त्याला इचारतील, आन् ह्यो व्हय म्हनंल. म्हातारा व्हऊन भाईर यील त्यो. पोराचं त्वांड बघायचा न्हाई."

दौऱ्यावरचं कोर्ट तेव्हा एका भाड्याच्या घरात बसत होतं. मधल्या खोलीत टेबल, साहेबांची खुर्ची, कारकुनाची बैठक आणि आरोपीसाठी खोक्याच्या फळ्या ठोकून केलेला पिंजरा. दाराशी पट्टेवाला. त्याने हिरीला आत सोडलं नाही. साक्षीला बोलावलंय का, नाही, मग बाहेर. ती अंगणातल्या जांभळाखाली बसली. आम्हालाही तो अडवणार होता, पण आत्याबाई त्याच्याकडे न बघताच आत गेल्या. न बघता आत जाणाऱ्या बाईला कसं अडवायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मॅजिस्ट्रेट वैशंपायन म्हणून होते. किरकोळ अंगाचे, चष्मा नाकावर घसरलेला, सर्दी झालेली. नवशा पिंजऱ्यात उभा होता. अंगावर बंडी, खांद्यावर घोंगडी. मे महिन्यात घोंगडी कशाला, असं माझ्या मनात आलं आणि गेलं. आम्हाला पाहून त्याचा चेहरा एवढासा उजळला.

कारकुनाने भरभर वाचलं. साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"व्हय, म्हाराज," नवशा म्हणाला.

झालं. साहेबांनी टाक शाईत बुडवला. तीन महिने सक्तमजुरी असं काहीतरी पुटपुटत ते कागद पुढे ओढत होते, तेवढ्यात माझ्या शेजारी आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"सायेब, त्याचं व्हय धरू नगा. ते मानाचं व्हय हाये, खरं न्हाई."

पट्टेवाला धावला. फौजदार गुरकावले. साहेबांनी टाक तसाच धरून वर पाहिलं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर आम्ही दोघी अंगणात गेलो असतो, हे मी आजही म्हणते. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, या बाईंना पुढे येऊ द्या.

आत्याबाईंनी सगळं सांगितलं. गोठा, पेंढ्या, भाकरी, वाडीची रीत, माझी न फोडलेली लाकडं, सगळं. माझ्या लाकडांची गोष्ट भर कोर्टात सांगायची काही गरज नव्हती, पण त्या ओघात होत्या. साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी नवशाकडे वळून विचारलं की परवा तू मुंबईला जाऊन आगबोटीत बसला होतास का. परवा तो कोठडीत होता.

"व्हय, म्हाराज."

सगळे हसले. कारकून तर तोंडावर हात घेऊन हसला. आत्याबाई गर्रकन वळल्या आणि त्यांनी त्याला विचारलं की तुमच्या घरी मीठ संपलं तर बायको काय म्हणते? संपलं म्हणते, की वाढलं म्हणते? कुंकू सांडलं तरी वाढलं म्हणता, दिवा मालवला तरी वाढवला म्हणता, मग यात दात काढण्यासारखं काय आहे? कारकुनाचं हसू जागच्या जागी विरलं. साहेब मात्र स्वतःशीच मान हलवत होते, जणू घरची मिठाची बरणी त्यांना आठवली होती.

"मग खरं काय ते मला कळायचं कसं?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, पायाकडं बघा. साहेब खुर्चीत पुढे वाकले, मग उठले, टेबलावरून मान लांब केली. काही दिसेना. पिंजऱ्याला कमरेपर्यंत फळ्या होत्या. त्या माणसाचं खरं जे काही होतं, ते नेमकं सरकारने फळ्या ठोकून झाकून ठेवलेलं. साहेबांनी त्याला बाहेर बोलावलं, समोर शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभं केलं आणि पुन्हा बंबाचं विचारलं. नवशा व्हय म्हणाला. मान खाली गेली आणि उजव्या पायाचा अंगठा सारवण उकरायला लागला.

मग साहेबांनी विचारलं, या बाईंचा गोठा तू शाकारलास का. नवशा बोललाच नाही. तो उकिडवा बसला, कमरेचा करगोटा सोडवावा तशी त्याने हवेतच एक सुंभाची दोरी ओढली, हवेतली पेंढी गुडघ्याखाली दाबली आणि तिला गाठ मारून दाखवली. अशी गाठ की मला ती दिसली. मग वर न बघता दुसरी पेंढी घेतली. तिसरी घ्यायला लागला तेव्हा साहेबांनी त्याला हाताने थांबवलं.

फौजदार म्हणाले की कायद्यात आरोपीच्या पायाच्या अंगठ्याला काही किंमत नाही. साहेब म्हणाले, हाताच्या अंगठ्याला मात्र आपण बरी किंमत देतो. पण मग ते आत्याबाईंकडे बघून थोडे अडखळले. म्हणाले, "बाई, मला पटलं आहे. तरी त्याच्या तोंडचं व्हय कागदावर चढलेलं आहे. उद्या वरच्या कोर्टाने कागद मागवला, तर तिथे ना तुम्ही असाल ना ह्याचे पाय. मला त्याच्या तोंडून नाही ऐकायला हवं."

त्यांनी नवशाला समजावून पाहिलं. इथे नाही म्हटलं तरी चालतं, मला राग येणार नाही, तू घाबरू नकोस. नवशा प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होता आणि सारवण उकरत होता. इतक्या चांगल्या बोलणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, हाच त्याच्यापुढचा पेच. साहेब जितके गोड होत गेले तितकं त्याला नाही म्हणणं अवघड होत गेलं. मला रडू यायला लागलं होतं. आगगाडीतलं आत्याबाईंचं बोलणं कानात घुमत होतं.

आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मग त्यांनी हात काढला.

"सायेब, तुमी इचारूच नगा. त्याच्या बायकूला इचारू द्या. तिला त्यो दिसभर न्हाईच म्हनतो."

फौजदार काहीतरी बोलायला गेले, त्यांना साहेबांनी बोट वर करून थांबवलं. मग पट्टेवाल्याला सांगितलं की बाहेरच्या बाईंना आत आण, आणि त्यांना बसायला काहीतरी दे. ज्या पट्टेवाल्याने तिला हाकललं होतं, त्यानेच स्वतःचं स्टूल उचलून आणलं. हिरी अवघडून आत आली. स्टुलावर बसायचं तिला सुचेना, ती त्याला धरून उभी राहिली. साहेबांनी तिला सांगितलं की घरी विचारता तसंच विचारा.

हिरीने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या लोकांत नवऱ्याशी बोलायची तिची पहिलीच वेळ. आवाज फुटेना. मग एकदम घरचाच आवाज फुटला.

"आरं, त्यो बंब तू नेलास का रं?"

"न्हाई," नवशा वैतागून म्हणाला. "कशाला नेऊ? ठिवू कुटं त्यो? तुज्या डोक्यावं?"

आता कोर्ट हसलं ते वेगळं हसलं. कारकुनाने साहेबांच्या तोंडाकडेही न बघता ते न्हाई लिहून घेतलं, आणि आत्याबाईंनी वाकून बघितलं, जणू त्यांना वाचता येत होतं. मी त्यांच्या कानात सांगितलं की लिहिलंय. साहेबांनी आमच्या दोघींच्या साक्षी घेतल्या, आधीचा कबुलीचा शब्द ग्राह्य नाही असं लिहिलं आणि नवशाला सोडलं. तो बंब पुढे कुठे मिळाला ते मला विचारू नका. ज्यांचं ते काम होतं त्यांनी शोधला असता तर मिळाला असता.

आम्ही निघणार, तेवढ्यात साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवशा, कोठडीत काही त्रास झाला का तुला?"

नवशाने फौजदारांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. आज त्याला एक नवा शब्द सापडला होता, आणि तो मोठ्या माणसाला आवडतो हेही त्याला समजलं होतं.

"न्हाई, म्हाराज," तो म्हणाला.

साहेब हसले नाहीत. ते टेबलाच्या बाजूने पुढे आले आणि त्यांनी खाली पाहिलं. अंगठा सारवण उकरत होता. बराच वेळ ते त्या पायाकडेच बघत राहिले. मग हिरीला हळू म्हणाले, "बाई, जरा तुम्ही विचारा."

हिरी त्याच्या अगदी जवळ गेली. "लय मारलं का रं?"

नवशा बोलला नाही. त्याने खांद्यावरची घोंगडी काढून खाली ठेवली, बंडी वर केली आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

ते काय होतं ते मी सांगणार नाही. मे महिन्यातल्या त्या घोंगडीचं कारण मला कळलं, एवढंच. हिरीने पदर तोंडात कोंबला. आत्याबाई, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या भिंतीकडे वळल्या. साहेबांनी कारकुनाला लिही म्हटलं आणि स्वतः सांगायला लागले. कुठे, केवढं, कशाचं. आवाज शांत होता, पण चष्मा काढून हातात धरला होता. फौजदारांना त्यांनी बसायला सांगितलं नाही. त्या माणसाचं पुढे जे झालं ते झालं, आमच्या बाजूला तो परत दिसला नाही. त्या कोर्टातल्या पिंजऱ्याच्या फळ्याही पुढे निघाल्या, आणि डोंगरातलं कुणी आरोपी म्हणून आलं तर त्याच्या घरच्या माणसाला शेजारी स्टूल मिळायला लागलं. हे सगळं पुढचं.

त्या दुपारी मात्र सांगून संपल्यावर कारकुनाने टाक खाली ठेवला. पट्टेवाल्याने नेहमीच्या वेळेला साहेबांचा चहा आणून ठेवला, कपबशीत, वाफ येणारा. साहेबांनी ती कपबशी नवशाकडे सरकवली. पट्टेवाला गडबडला आणि बाहेर कुठे करवंटी मिळते का बघायला निघाला. साहेब म्हणाले, नको, ह्यातच.

मग ते नवशाला म्हणाले, "चहा घेणार का?"

आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला. मला कळलं त्यांना कसली भीती वाटतेय. आता हा व्हय म्हणाला, तर त्या व्हयचा अर्थ या खोलीतल्या प्रत्येकाला कळणार होता, साहेबांना सगळ्यात आधी. आणि नवशाने तसं म्हटलं असतं तरी त्याला कोण बोल लावणार होतं?

आम्ही सगळे त्याच्या पायाकडे बघत होतो. अंगठा हलला नाही.

नवशा काही बोलला नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले.